गॉब्लिनची तारीख

शिरस्तेदार : म्हणजे माझ्या आकलनाप्रमाणे घडले ते असे, की तुमच्या खेळणाऱ्या मंडळीतील एका वीराने म्यानातून तलवार उपसली, ती पुरती उपसून होण्यापूर्वी तुझ्या मामीचा चहा दोनदा उकळून झाला, खाली सात रस्ता चौकात रिक्षावाल्यांचे एक भांडण सुरू होऊन समझोत्याने मिटलेही, आणि एवढ्या प्रदीर्घ अवधीत तो गॉब्लिन नामक प्राणी, नंगी तलवार डोळ्यांसमोर तळपत असता, आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत स्वस्थ उभा राहिला.

भाचा : स्वस्थ नव्हे, मामा. त्याचा इनिशिएटिव्ह चार आला. आमच्या सगळ्यांचा त्याच्यापेक्षा जास्त. म्हणून त्याची पाळी शेवटी.

शिरस्तेदार : अरे, दिवाणी कोर्टात पुकारे ऐकण्यात माझी हयात गेली. बोर्डावर ज्याचा क्रमांक शेवटी, तो पक्षकार आवारातल्या लिंबाखाली भाकरी सोडून बसतो, हे मी जाणतो. परंतु त्याच्या मानेवर प्रतिवादीने कुऱ्हाड धरली आहे आणि तरीही तो पट्टेवाल्याच्या तोंडाकडे पाहत बसला आहे, असा कज्जा माझ्या पाहण्यात नाही.

भाचा : पण हे सगळं एकाच वेळी घडतंय असं मानायचं असतं. राउंड सहाच सेकंदांचा. या खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून असं आहे, की प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपली चपळाई मिळवायची, मोठा आकडा आधी. एकदा क्रम लागला की लढाई संपेपर्यंत तोच फिरत राहतो.

शिरस्तेदार : सहा सेकंद! सहा सेकंदांचे काम दिवेलागणीपासून जेवण थंड होईतो चालवून, वर ते अपुरे ठेवण्याची ही हातोटी तुम्हा पोरांच्या अंगी उपजत आहे हे मला वेळीच ठाऊक असते, तर तुमच्यापैकी एकूणएकास मी आमच्या नाझर कचेरीत बिनअर्जाने चिकटवून दिले असते.

भाचा : पूर्वी याहून किचकट होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पुढे 1979 साली गायगॅक्सने सूत्रधारांसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांसाठी, जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात राउंड एक मिनिटाचा आणि त्याचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे. शिवाय प्रत्येक शस्त्राला वेगाचा आकडा. खंजिराला दोन, दोन हातांनी पेलायच्या तलवारीला दहा. दोन्ही पक्षांचे फासे सारखे पडले, तर ज्याचा आकडा लहान त्याचा वार आधी.

शिरस्तेदार : यात मला प्रथमच काही अक्कल दिसते. जवळच्या झटापटीत आखूड शस्त्र आधी लागते, हे प्रतापगडाच्या पायथ्याशी फासे न टाकताच सिद्ध झालेले आहे. मग हा नियम बुडवला कोणी?

भाचा : लोकांना हिशेब झेपेना. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत दहा बाजूंचा फासा आला, लहान आकडा आधी. 2000 मध्ये वीस बाजूंचा आला, मोठा आकडा आधी.

शिरस्तेदार : म्हणजे अकरा वर्षे धाकटा आधी आणि पुढे एका परिपत्रकासरशी थोरला आधी. साहेब बदलला, नमुना बदलला, दफ्तर नव्याने बांधले. आणि गॉब्लिन तिन्ही अमदानींत उभाच!

भाचा : उभा असला तरी त्याला बोलता येतं. बोलणं फ्री ॲक्शन असतं. आपली पाळी नसतानाही बोललेलं चालतं.

शिरस्तेदार : कितीही?

भाचा : सूत्रधार चालवून घेईल तितकं.

शिरस्तेदार : आज माझ्या जन्मभराच्या एका शंकेचे निरसन झाले. दोन्हीकडची मिळून अठरा अक्षौहिणी सेना शंख फुंकून सज्ज आहे, शस्त्रसंपाताला आता आरंभ होणार, आणि अशा ऐन क्षणी रथ मधोमध उभा करून अठरा अध्यायांचे सातशे श्लोक सावकाश संपेपर्यंत एकाही कौरवाच्या हातून चुकून एक बाण सुटू नये, याचे कारण मी भाष्यांतून, टीकांतून आणि कीर्तनांतून शोधत आलो; परंतु ती फ्री ॲक्शन होती, हे एकाही आचार्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही!

भाचा : सूत्रधारच सारथी असल्यावर हरकत कोण घेणार? पण मामा, नियम तिथेही होतेच ना? भीष्मपर्वात युद्धाआधी दोन्ही पक्ष बसून ठरवतात. रथी रथीशीच लढेल, घोडेस्वार घोडेस्वाराशीच, बेसावध माणसावर वार नाही.

शिरस्तेदार : ठरवतात. आणि तेराव्या दिवशी अभिमन्यूभोवती सहा महारथी एकदम जमतात, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्यास ‘आपली पाळी आधी’ असे म्हटल्याची नोंद व्यासांनी केलेली नाही. आपण हरू लागलो नाही तोवरच माणसे पाळी पाळतात.

भाचा : म्हणून तर फासा! त्याला वशिला चालत नाही. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ नावाच्या खेळात फासाही नाही, पत्ते वाटतात. जोकर आला तो वाटेल तेव्हा घुसतो.

शिरस्तेदार : ही वहिवाट आपल्या सार्वजनिक जीवनात फार जुनी आहे, अमेरिकनांनी पत्ते तेवढे छापले. अरे, वशिला नको असेल तर मान आहे. संक्रांतीला आपल्या गावच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कोणता पुढे, कोणता मागे, यासाठी कधी कोणी फासा टाकल्याचे ऐकले आहेस? पहिल्याचा मान पहिला आणि सातव्याचा सातवा, आणि एवढ्या अलोट गर्दीतून त्या उंचच उंच काठ्या एकीमागून एक बिनतक्रार जातात.

भाचा : तिथे कोणाला कोणाचा जीव घ्यायचा नसतो. जिवावर बेतलं म्हणजे काय होतं ते गॅलरीतून बघा. सात वाटा, आणि प्रत्येकाला वाटतंय आपलाच फासा वीस पडलाय.

शिरस्तेदार : (वाकून) हं. ती भाजीची हातगाडी मात्र तुझी गॉब्लिन दिसते. बरे, मला एक सांग. तुम्ही पोरे सहा. गॉब्लिन धरून सात. ज्याचा त्याचा क्रमांक कागदावर मांडलेला मी पाहिला. या सात जणांच्या लढाईला चहा पुरवला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरवली, शेवटी उष्टे कप उचलले, त्या तुझ्या मामीचा क्रमांक कितवा?

भाचा : मामी खेळत नव्हती.

शिरस्तेदार : असे! जो खेळत नाही त्याने राबावे, हे कितव्या आवृत्तीत आहे?

भाचा : उरलेले कप मी धुतो. पण आपल्या घरात पान वाढलं की पहिल्यांदा कोण बसतं, मामा?

शिरस्तेदार : पंगतीचा विषय निराळा.

भाचा : आधी तुम्ही. मग मी. पाहुणे असले तर ते. मामी सगळ्यांच्या मागून, उरेल त्या आमटीवर. तिचा फासा कोणी टाकला?

शिरस्तेदार : तो घरचा शिरस्ता आहे. तिने कधी तक्रार केलेली नाही.

भाचा : गॉब्लिनही करत नाही.

शिरस्तेदार : जीभ आवर. वडीलधाऱ्या बाईला कोणाच्या पंक्तीस बसवतोस?

भाचा : मी कुठे बसवतोय? बसवलेलीच नाही, तेच तर म्हणतोय. गॉब्लिनची निदान शेवटी का होईना, पाळी तरी येते.

शिरस्तेदार : माझ्या आईच्या वेळेपासून या घरात…

भाचा : आजीला तरी कोणी विचारलं होतं?

(शिरस्तेदार चष्मा पुसतात. तो बराच वेळ स्वच्छ होत नाही.)

मामीचा आवाज : पानं वाढलीत. कोण येतंय आधी?

भाचा : मामी, आज तू बस. मी वाढतो.

मामीचा आवाज : तू? तव्यावरची भाकरी कोण उलटणार मग?

शिरस्तेदार : टाक फासा.

भाचा : तिघांचा?

शिरस्तेदार : तिघांचा. मात्र चपळाई मिळवायची नाही, ती तुझ्याच पथ्यावर पडते. वय मिळवायचे.

भाचा : म्हणजे तुम्हीच पहिले!

शिरस्तेदार : तर मग वजा कर.

भाचा : वजा केलं तर मी पहिला. 1989 प्रमाणे धरायचं की 2000 प्रमाणे?

शिरस्तेदार : ते आधी नीट ठरव. आणि तोवर तिला सांग, ताटे झाकून ठेव म्हणावे.