घरात भट्टी, बाहेर चूल

आमचे साडू लातूरला राहतात आणि आम्ही नांदेडला. मधे अहमदपूर आहे, लोहा आहे, तीन तासांचा रस्ता आहे, तरी दोन घरांतली चुरस काही कमी होत नाही. आधी ती लेकरांच्या मार्कांची होती. लेकरं पुण्याला गेली आणि चुरस ओव्हनवर आली.

सुरुवात त्यांनी केली. २०२० च्या टाळेबंदीत अख्ख्या महाराष्ट्राने कुकरच्या बुडाशी मीठ पसरून, शिट्टी काढून केक केले. ज्यांचे जमले त्यांनी फोटो टाकले, ज्यांचे बसले त्यांनी त्याचा चुरा करून दुधात कालवून खाल्ला आणि गप्प राहिले. आम्ही दुसऱ्या गटात होतो. मेहुणी पहिल्या गटात निघाली. टाळेबंदी उठेपर्यंत तिच्या ओट्यावर ओटीजी आला, मग फिरतं टेबल आलं, मग क्रीमच्या नक्षीच्या चोवीस नळ्या आल्या. लातूरच असल्यामुळे पुढचं ओघाने आलंच. तिने क्लास काढला. सकाळची बॅच, दुपारची बॅच, मे महिन्यात क्रॅश कोर्स. 'बेसिक स्पंज' पक्का झाल्याशिवाय 'ॲडव्हान्स'ला प्रवेश नाही, आणि दर शनिवारी टेस्ट. मी एकदा विचारलं, "रिपीटर बॅच आहे का गं?" तिने हसण्यावारी नेलं नाही. "आहे की दाजी, चार जणी आहेत."

तसं पाहिलं तर लातूर गाव केकसाठीच आखलेलं आहे. गंजगोलाई मधोमध, आत जगदंबेचं देऊळ आणि भोवताली सोळा रस्ते. वरून बघा, कुणीतरी गोल केकचे सोळा तुकडे करून ठेवलेत आणि खायचे विसरलेत असं वाटेल.

लातूरकरांचा केकबद्दलचा एक आग्रह मात्र मला हळवा करतो. केक 'मॉइस्ट' लागतो. एप्रिल २०१६ मध्ये याच गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. 'जलदूत'च्या पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं, आणि ती गाडी स्टेशनात आली ही देशभरची बातमी होती. त्या गावात आता स्पंजच्या प्रत्येक थरावर साखरपाण्याचा ब्रश फिरतो, आणि गिऱ्हाईक घास घेऊन तोंड वाकडं करतं, "जरा कोरडा वाटायलाय."

आमच्या नांदेडच्या अडचणी वेगळ्या. केकच्या कुठल्याही कृतीत पहिलं वाक्य असतं, ओव्हन आधी तापवून घ्या. मे महिन्यात नांदेडमध्ये हे वाक्य वाचून हसू येतं. दुसरं वाक्य असतं, लोणी खोलीच्या तापमानाला आणा. आमच्या खोलीच्या तापमानाला लोणी आणलं तर त्याचं तूप होतं. ही कृती लिहिणारी बाई कुठल्या गावची असते देव जाणे, पण तिच्या गावात भारनियमन नाही एवढं नक्की. आमचा पहिला केक चाळीस मिनिटांचा होता. पंचविसाव्या मिनिटाला लाइट गेली ती दोन तासांनी आली. तोवर तो केक आतून शिरा आणि वरून खारी झाला होता. बायकोने तो दोन पदार्थ म्हणून वाढला.

शिवाय अंड्याचा प्रश्न. आमच्याकडे सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण. वाढदिवस काही वार बघून येत नाही. म्हणून केक कायम 'एगलेस'. मग केक कापून झाल्यावर तीच मंडळी माळाच्या कडेला जाऊन काय खातात, ते मी इथे लिहिणार नाही. वार त्यांचा, पोट त्यांचं.

भावाचं बोलायचं तर मेहुणी घरच्या लोकांनाही साडेसातशे रुपये किलो लावते. "सूट दिलीय दाजी," असं वर म्हणते. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला हिशेब सुटत नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. म्हणजे सात किलो केकमध्ये एक क्विंटल सोयाबीन जवळपास येतं, तेही हमीभावाने कुणी घेतलं तर. पेरणी, फवारणी, परतीचा पाऊस, बारदाना, रांगेत उभं राहिलेलं ट्रॅक्टर हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सात गोल डबे, लाल फीत बांधलेले. मी हे साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमी केकच पेरा की."

पेरत नाहीत, पण खप मात्र पिकासारखाच हंगामी आहे. निकालाचा हंगाम, 'मदर्स डे'चा हंगाम, आणि बारमाही पीक म्हणजे भाऊंचे वाढदिवस. भाऊ कुठलेही असोत, त्यांचा वाढदिवस चौकात होतो, केक गाडीच्या बॉनेटवर असतो आणि कापायला तलवार असते. त्यानंतर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाल्याची बातमी येते, तिच्यात भाऊंचा फोटो पुन्हा छापून येतो, म्हणजे केकचे पैसे वसूल. मेहुणीकडे असल्या ऑर्डरी येतात तेव्हा त्यात एक तांत्रिक अडचण असते. केकवर भाऊंचा खाण्याजोगा फोटो हवा असतो. आता तो कापायचा कुठून? कार्यकर्ता कडेकडेने सुरुवात करतो. फेटा जातो, खांदा जातो, सोन्याची साखळी जाते. नाकाशी आल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. मेहुणी सांगत होती, एकदा नुसता चेहरा तेवढा डब्यात भरून परत भाऊंच्या घरी पोचवला म्हणे.

आमच्या मायला हे सगळं ऐकवलं की ती एकच विचारते, "भट्टीवर का न्हेत न्हाईत?"

भट्टी हा शब्द ज्यांना कळला त्यांचे केस आता पांढरे झाले असतील. आमच्या लहानपणी बिस्किटं घरात होत नसत आणि विकतही आणली जात नसत. दिवाळीच्या आधी किंवा परीक्षा संपल्यावर माय मैदा, रवा, साखर, तूप असा सगळा शिधा पिशव्यांत बांधून द्यायची, आणि आम्ही तो बेकरीवर घेऊन जायचो. बेकरीवाल्या मामूसमोर वजन व्हायचं. तो आपल्या डोळ्यांदेखत पीठ मळणार, साच्यातून नानकटाई काढणार, पत्र्यावर मांडणार आणि लांब दांड्याच्या फळीने भट्टीत सारणार. आपण द्यायची ती फक्त भाजणावळ. नंबर यायला कधी रात्र व्हायची. लेकरांचं खरं काम राखण करणं हे होतं, कारण आपला तुपाचा पत्रा शेजाऱ्याच्या डालड्याच्या पत्र्याशी बदलला जाऊ शकत होता, आणि तसा तो बदलला गेल्याचा संशय प्रत्येक घराला होता. मग तेलाचा पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घरी. वरची गरम, खालची चुरा. मोहल्ल्याला एक भट्टी आणि पन्नास घरांचं 'होम बेकिंग'. निजामाच्या राज्यातून आम्ही १९४८ साली बाहेर पडलो, पण बेकरी आणि चहा ही दोन खाती तशीच हैदराबादकडे राहिली, आणि त्याबद्दल नांदेडमध्ये आजवर कुणी आंदोलन केल्याचं मला आठवत नाही.

आता प्रत्येक घरात एक भट्टी आहे, आणि खाणारी माणसं दोन. त्यातल्या एकाला साखर आहे.

शनिवारी घरात असं परदेश करून झालं की रविवारी माणसाला गावाकडची ओढ लागते. साडू महिन्यातून एका रविवारी येतात आणि म्हणतात, "चला, गावरान खायला." शहराबाहेर एक जागा आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी उपयोग नाही. नांदेडपासून लातूरपर्यंत त्या नावाच्या डझनभर जागा असतील, आणि प्रत्येकीच्या पाटीवर 'एकमेव' लिहिलेलं आहे. दारात बैलगाडीचं चाक. कंदील, पण त्यात बल्ब. भिंतीवर प्लास्टरच्या गोवऱ्या. एक जातं, ज्यावर मोबाईल ठेवायचे. आणि मध्यभागी काचेपलीकडे चूल, जिच्यासमोर एक बाई धुरात डोळे पुसत भाकरी थापते आणि पन्नास लोक तिचा व्हिडिओ काढतात.

आम्ही मायला घेऊन गेलो. पोऱ्याने मेनू आणला. त्यात पिठलं होतं, 'शेतकरी स्पेशल' या नावाखाली. ठेचा वेगळा लावलेला होता. येसराची आमटी होती, जी आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत बादलीने वाढतात. इथे वाटीने होती आणि वाटीला किंमत होती. मायने चष्मा लावून सगळा मेनू वाचला, मग उजवीकडची रक्कम वाचली, मग पुन्हा डावीकडे आली.

"ही भाकर कितीला म्हन्लास?"

"तीस रुपये, माय."

"एक?"

"एक."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. तिने चुलीसमोर तीस वर्षं काढली. ओल्या पळकाट्या फुंकून फुंकून तिला कायमचा खोकला जडला. २०१६ मध्ये सरकारने 'उज्ज्वला' आणली ती बायांना धुरातून सोडवायला. मायचं नाव काही त्या यादीत नव्हतं, तिला गॅस आधीच मिळाला होता; पण जाहिरातीतल्या बाईकडे बघून ती म्हणाली होती, बरं झालं. आता ती त्या काचेपलीकडच्या बाईकडे बघत होती.

"चूल लई गोड असती," ती म्हणाली, "दुसऱ्यानं पेटवली की."

साडूंनी हे वाक्य लगेच मोबाईलवर लिहून घेतलं. त्यांना वाटलं, जेवणाचं कौतुक आहे.

भाकरी यायला पाऊण तास लागला. पोऱ्या दोनदा विचारून गेला, "सर, तोवर रोटी-नान देऊ का?" शेवटी लेकरांसारखे आम्ही पनीर अंगारा आणि व्हेज मंचुरियन खाल्लं. गावरान जागी मंचुरियन कसं, असं विचारू नका. मराठवाड्यात असं हॉटेल मी अजून पाहिलेलं नाही जिथे ते मिळत नाही. खेड्यातल्या लग्नातही ते असतं, वरणाच्या शेजारी, आणि म्हातारी माणसं त्याला 'काळी भजी' म्हणतात. बिल आलं तेव्हा त्यात कांदा-लिंबाचे वेगळे पैसे होते. साडू ते भरायला पुढे झाले, मी पुढे झालो, बरीच ओढाताण झाली आणि नेहमीप्रमाणे मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गुरुद्वारा दाखवायचा शिरस्ता आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या गावात आम्ही राहतो, आणि पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसने लोक लांबचा प्रवास करून येतात, तरी आमच्या लक्षात ते पाहुणे आल्यावरच येतं. लंगरमध्ये पंगतीत बसलो. मेनू नाही, दर नाही, तारे द्यायची सोय नाही. डाळ आली, भाजी आली. फुलके वाढणारा सेवादार साडूंसमोर थांबला. साडूंच्या उजव्या हातात मोबाईल, डावा हात पुढे. सेवादार हसला आणि म्हणाला, "दोनों हाथ, जी." प्रसादासारखा फुलकाही तिथे ओंजळीतच घ्यायचा असतो. दोन्ही हात पुढे केल्यावर मोबाईल धरायचा कुठे? साडूंनी तो मांडीखाली सारला. त्यांच्या त्या जेवणाचा एकही फोटो नाही. माझ्या माहितीत असं ते वर्षातलं एकमेव जेवण.

निघताना त्यांनी गाडीतून एक काचेची बरणी काढली आणि तान्ह्या लेकरासारखी माझ्या हातात दिली. आत पांढरट काहीतरी बुडबुडत होतं. साडूंनी आता पावाची साधना सुरू केली होती, विकतच्या यीस्टविना पाव, आंबवलेल्या पिठाचा. हे त्याचं मूळ. "याला रोज खाऊ घालायचं. सकाळी दोन चमचे पीठ, दोन चमचे पाणी. अर्धं काढून टाकायचं. आणि हाक मारायची."

"हाक?"

"याचं नाव बाळू आहे."

मी बाळूला फ्रिजवर ठेवलं. साडूंचा रोज रात्री आठला फोन. आधी ते माझी तब्येत विचारायचे, आता बाळूची. वर किती आला, वास कसा येतो, झाकण घट्ट नाही ना लावलं. बायकोच्या वाढदिवसाला फोन विसरणारा हा माणूस एका पिठाच्या गोळ्यासाठी गजर लावून उठत होता. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर स्वयंपाकघरात खमंग वास. माय तव्याजवळ. ताटात धपाटे, कडेला जळालेले ठिपके, वर लोण्याचा गोळा.

"फ्रिजवर पीठ आंबून चाललं होतं," ती म्हणाली. "टाकायचं कशाला? ज्वारीचं पीठ घातलं, बेसन घातलं, लसूण-मिरची वाटली. खा गरम."

मी सहा खाल्ले. सातवा तोंडात असतानाच आठ वाजले.

"बाळू कसा आहे?"

"मजेत आहे," मी म्हणालो. "चांगला फुगलाय."

हे खोटं डिसेंबरपर्यंत टिकलं. डिसेंबरच्या आसपास लातूरकडे वेळ अमावास्या असते, आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदीसारखी शांतता असते, कारण झाडून सगळे रानात जेवायला गेलेले असतात. कडब्याची कोप, आत पाच पांडव, डाळी-शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, मडक्यात थंड झालेलं. त्याला कुणी नाव ठेवत नाही आणि हाकही मारत नाही. साडूंच्या रानात, बांधावर बसून साडूंनी तिसरा तांब्या संपवला, मिशा पुसल्या, आणि मला विचारलं, "ते जाऊ द्या. बाळू कसा आहे? येताना आणला नाहीत?"

मी भज्जीकडे बघत राहिलो. माय पलीकडे उंडा मोडत होती. तिला कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर येतं.

"लई चवदार होता बगा तुमचा बाळू," ती म्हणाली. "आनखी एखादा हाय का?"