अजून पन्नास फूट

घर बांधायला काढलं की लोक खर्च विचारतात. बोअर घ्यायचा म्हटलं की कुणी काही विचारत नाही, सगळे सांगायलाच लागतात. सासवडच्या आमच्या प्लॉटवर पाणी कुठे लागेल हे किराणावाल्यापासून मेव्हण्यापर्यंत सर्वांना ठाऊक होतं. फक्त प्रत्येकाची जागा वेगळी.

दोष त्यांचा नाही, पायाखालच्या दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा आला, थिजला, पुन्हा आला. थरावर थर बसत महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाखाली गेला. हा अखंड कातळ पाणी पीतही नाही, देतही नाही. पाणी असतं ते वरच्या मुरुमात, कातळाच्या भेगांत, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. भेग चार हातांनी हुकली की नुसता फुफाटा.

वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त यासाठी आख्खा अध्याय खर्च केला आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. आमच्याकडे एकच शेवगा, आणि वारूळ शेजाऱ्याच्या हद्दीत.

म्हणून पाणाड्या बोलावला. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका जागी ताडकन उभा राहिला. “दीडशे फुटावर झरा हाय, दोन इंची.” आईने चटणीसाठी तो नारळ मागितला, तर म्हणाला, “ह्यो कामाचा हाय, आजी.” मग शास्त्राचंही समाधान व्हावं म्हणून भूजलवाले आले. त्यांनी जमिनीत सळया ठोकून वीज सोडली आणि सहा फूट पलीकडे खुंटी मारली. मेव्हणा म्हणाला, “दाजी, मधोमध घ्या.”

गाडी तामिळनाडूची, आली रात्री एक वाजता. पोरांना मराठी येत नव्हतं. फुटाचा दर तेवढा अस्खलित. मुरुमात केसिंग उतरलं आणि पुढे करडी भुकटी उडायला लागली. मध्येच ती तांबडी झाली. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात साचलेली माती वरच्या लाव्ह्याने भाजली, तिचा हा थर. हे मी समजावत होतो तोवर “लागलं, लागलं!” असा गलका झाला. लागलं काहीच नव्हतं. नंतर पांढऱ्या, चमकणाऱ्या कपच्या आल्या. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत धरलेली ही झिओलाइटं. वाघोलीच्या खाणीत त्यांच्यासोबत सापडणारा निळा कॅव्हन्साइट म्हणे जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. भाच्याने खिसे भरले; फुटाचे पैसे मी भरत होतो.

दीडशे गेले, दोनशे गेले. “अजून पन्नास फूट” हे वाक्य जमावातून येतं. ते नेमकं कोण बोलतं हे कधीच कळत नाही. त्याला उत्तरही नसतं, कारण थांबावं तर आधीचे पैसे मातीत. मी शेवटचा उपाय म्हणून विज्ञान काढलं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं, तेव्हा हा कातळ ३३८ मीटरला संपला. सह्याद्रीकडे तर तो आणखी जाड.

मेव्हण्याने मोबाइलवर हिशोब केला. “म्हणजे अकराशे फूट. निम्मंसुद्धा नाही झालं, दाजी!”

दोनशे ऐंशीला भुकटी ओली झाली, मग चिखल, मग दीड इंची धार. पाणाड्याने फोनवरून सांगितलं की झरा त्याचाच, जरा खाली सरकला. भूजलवाल्यांचं म्हणणं, त्यांच्या अहवालात हेच होतं.

शेजाऱ्याने ना नारळ आणला, ना सळया. सकाळी कुंपणापलीकडे, आमच्या बोअरपासून दहा फुटांवर, त्याने चुन्याने गोल काढला आणि मेव्हण्याला हाक मारली, “काय हो, नेमकं किती फुटावर लागलं?”

मेव्हण्याने इंचासकट सांगितलं.