सस्पेन्शनशास्त्री

सस्पेन्शनशास्त्री बहुधा द्राक्षबागायतदार असतो आणि निफाड-दिंडोरी पट्ट्यात सापडतो. त्याच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस असते. २०२२ साली टोयोटाची हायलक्स भारतात आल्यापासून ती त्याच्या स्वप्नात येते, पण हा विषय घरात निघत नाही. दोन्ही गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, म्हणजे पुढून मोटार, मागून टांगा. आठवडाभर गाडी खतं, औषधं आणि क्रेट वाहते. पावसाळ्यातल्या रविवारी तीच चिखलात रुतवून दोराने बाहेर ओढतात, त्याला ऑफरोडिंग म्हणतात.

सस्पेन्शन बदलायला कारणं भरपूर असतात. रिकामी गाडी उडते म्हणून मागच्या सीटवरची आई कण्हते. भरलेली गाडी मागून बसते, मग हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. या दोन दुखण्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. जाड पाट्यांनी भार पेलतो, पण रिकामी गाडी आणखी उडते. नरम पाट्यांनी आई खूश, डीएपीच्या गोण्या नाखूश. शास्त्रीला दोन्ही एकाच किटमध्ये हवं असतं, शक्यतो चाकाआडून दिसेल अशा भडक रंगाचं.

ज्ञान त्याचं ऑस्ट्रेलियन. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही नावं तो भाऊबंदांसारखी घेतो. शॉकअपमधलं तेल तापून फेसाळलं की पकड सुटते, हे तो पारावर अचूक समजावतो. शॉकअप भार पेलत नाही, फक्त पाट्यांची उसळी आवरतो, हे मात्र त्याला गॅरेजवाल्याने दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

गाडी दोन इंच उचलणं हे त्याचं जीवितकार्य. तेवढ्याने चॅसिस वर जाते, मागचं डिफरन्शियल होतं तिथेच राहतं. त्याला वर नेतात ते मोठे टायर. हे कळताच टायरांचा अभ्यास सुरू होतो. दोन इंचांपुढे गेलं की पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरपे चालून लवकर झिजतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं. त्यावर शास्त्रीचं मत असं, की पट्टी घेऊन गाडीखाली कुणी वाकत नाही. पाटे वाढवले तरी आरसी बुकातली भारमर्यादा वाढत नाही, हा मुद्दा तो ऐकू न आल्यासारखा करतो.

पाटे निवडताना खरा प्रश्न एकच असतो: हौद्यात कायमचं वजन किती? द्राक्षाची साखर दशांशापर्यंत सांगणारा, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात किलोभरासाठी काट्यावर हुज्जत घालणारा हा माणूस इथे "असेल टनभर" म्हणतो. स्वतःची गाडी काट्यावर चढवणं त्याला सुचत नाही. फवारणीच्या पाण्याची ५०० लिटरची टाकी अर्धा टन भरते खरी, पण ती हौद्यात मोजकेच दिवस असते. एरवी तिथे जॅक, दोर, पान्यांची पेटी आणि गंजक्या तारेचं भेंडोळं. साहजिकच तो ३०० किलो कायम भाराचे पाटे मागवतो.

ते बसल्यावर आई मोटारसायकलवरून बाजाराला जाऊ लागते. मग कधीतरी पंक्चरवाल्याच्या लक्षात येतं, की रिकाम्या गाडीच्या टायरांत भरलेल्या गाडीची हवा आहे. तो ती उतरवतो आणि गाडी बरीच निवते. शास्त्री श्रेय शॉकअपला देतो.