हाताला जागा नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वितळलेल्या लोखंडाला प्लॉट मिळतो, शेड मिळते, वीज मिळते. चामड्याच्या वादीनं कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्याला मात्र सल्ला मिळतो : “ऑनलाइन जावा की, तिथं जागाच जागा!”

कारागीर गेला. तिथं ‘हँडमेड’च्या रांगेत यंत्रावर ठोकलेली रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ आधीच ऐसपैस बसलेली. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळ्याविना बांधणी, प्रकार कापशी की पुकरी, हे सांगायला रकाना नाही. रंग, साइझ आणि ‘रिटर्न’ला आहे.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण जगाला तिचा पत्ता लागला जून २०२५ मध्ये. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला चालवल्या, फक्त कोल्हापूरचं नाव घ्यायचं राहिलं. बोंब उठल्यावर मूळ मान्य झालं. म्हणजे स्वतःची जागा हवी असेल, तर आधी परदेशात कुणीतरी आपली नक्कल करायला हवी!

तोवर ऑनलाइन बाजारवाल्यांनी हाताचं आणि यंत्राचं वेगळ्या रांगेत मांडावं. आणि गिऱ्हाइकानं ‘हँडमेड’ दिसलं की एवढंच विचारावं : कुणाच्या हातचं?