कार्यशाळेला न बोलावलेल्या चिरंजीवांस

प्रति,
हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ येथील महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर, उभ्या गाड्यांवर बसलेले सर्व चिरंजीव

विषय : दोन तासांच्या सुट्टीबद्दल अभिनंदन

चिरंजीवांनो,

मुलींची स्वसंरक्षण कार्यशाळा असली की तुम्हाला सुट्टी मिळते, हे पाहून ऊर भरून येतो. आत पोलिसांच्या दामिनी पथकाच्या ताई हेल्पलाइनचे नंबर लिहून देतात, कराटेचे सर मनगट कसं सोडवायचं ते दाखवतात, आणि समारोपाला एखादे ज्येष्ठ प्राध्यापक ओढणी, मोबाइल आणि उशिराची एसटी या तीन विषयांवर मार्गदर्शन करतात. मनगट धरणार कोण, याची चर्चा होत नाही. प्रात्यक्षिकात हल्लेखोर म्हणूनसुद्धा एखादी मुलगीच उभी करावी लागते, कारण तुम्हाला आत प्रवेश नाही.

तुम्हाला काही शिकवायची गरज नाही, असा आपल्याकडे दांडगा विश्वास आहे. मुलगी गप्प बसली म्हणजे हो, हसली म्हणजे नक्कीच हो, ‘नाही’ म्हणाली म्हणजे भाव खाते, आणि ‘नाही’ म्हणून रडली तर मैत्रिणींनी कान भरलेत. चारही वाटा होकारालाच जाऊन मिळतात. एवढी सोय तर जिल्ह्यातल्या रस्त्यांनाही नाही.

ही समजूत फक्त तुमचीच नाही, ती फार वरपर्यंत पोहोचलेली आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या कोवळ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला चालला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, तेव्हा संमती असणार! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावून सांगावी लागली. त्या पत्रानंतर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. (माझ्या पत्राकडून अशी अपेक्षा नाही. ते सरन्यायाधीशांना होतं, हे गाडीवर बसलेल्यांना आहे.)

२०१३ पासून तर कायद्याने तुमची फारच अडचण केली आहे. संमती स्पष्ट हवी, स्वेच्छेची हवी, आणि ती त्या विशिष्ट कृतीसाठी हवी. केवळ प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरता येत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हेच आहे. म्हणजे शेतावर सोबत आली, सेल्फी काढला, रात्री बारापर्यंत बोलत होती, यातलं काहीच चालायचं नाही. विचारावं लागेल. आणि पाठलाग? नको म्हटल्यावरही मागे मागे फिरणं, मेसेज करत राहणं हा त्याच संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. ज्या चिकाटीबद्दल सिनेमातल्या हिरोला शेवटी नवरी मिळते, तिच्याबद्दल इथे कोठडी. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजला जाताना भर रस्त्यात पेटवून दिलं, तेव्हा बातम्यांत शब्द आला ‘एकतर्फी प्रेम’. काय गोड नाव आहे!

तुमच्या बाजूने अजून एक भक्कम गोष्ट आहे, ती म्हणजे मुलीचं घर. तिने तक्रार केली की पहिली शिक्षा तिलाच होते. सेनगावहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीने घरी नुसतं सांगितलं की एक पोरगा स्टँडवर त्रास देतो, तरी दुसऱ्या दिवशी पास कपाटात जातो. महिन्याभरात पाहुणे येतात, आणि पदवीचं दुसरं वर्ष राहतं ते राहतंच. म्हणून ती सांगत नाही. ती बस बदलते, मैत्रिणीचा हात धरून चालते, नंबर बदलते. तुम्हाला वाटतं, चिडत नाही म्हणजे पटतेय.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या आपल्या कॉलेजांनाही विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ रोखण्याबाबतचे २०१५ चे विनियम लागू आहेत. जागृतीचे कार्यक्रम त्यात विद्यार्थ्यांसाठी सांगितले आहेत. ‘मुलांनी चहा प्यायला जावे’ असं कुठे लिहिलेलं नाही. उलट लैंगिक छळ मुलांचाही होतो, तृतीयपंथीयांचाही होतो, हे तिथे मान्य केलेलं आहे. तेव्हा तुमच्यापैकी ज्याच्या अंगाला हॉस्टेलवर कुणी नको तसा हात लावला आणि जो ‘मस्करी’ म्हणून गप्प बसला, त्याचीसुद्धा खुर्ची त्या सभागृहात होती.

मुलींच्या पालकांना कॉलेजातून काळजी घेण्याचे निरोप येतात. मला अजून एकही आला नाही. मी वाट पाहतो आहे.

आपला,
एका चिरंजीवाचा बाप

ता. क. : प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. अध्यक्ष महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, विभागप्रमुखांसारख्या वरिष्ठ पदावरच्यांना तिथे जागा नाही, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीही सदस्य असतात. सुट्टीच्या दोन तासांत ऑफिसात जाऊन या समितीची यादी मागा. ‘तुला कशाला हवी?’ असं विचारतील. मुलींना हे नेहमीच विचारतात. एकदा तुम्ही उत्तर देऊन बघा.