आबांचा ठिपका

आमच्या गावात वस्तू विकत घेणारे लोक आहेत, आणि वस्तूची चौकशी करणारे आबा आहेत. ठिबक आलं तेव्हा आबांनी दीड वर्ष चौकशी केली. त्या चौकशीच्या जोरावर गल्लीतल्या नऊ जणांनी ठिबक घेतलं. आबा पाटानंच पाणी देत राहिले. मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टर आला तेव्हाही हेच झालं. दरवर्षी डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनाला ते रिकाम्या पिशव्या घेऊन जातात आणि भरलेल्या पिशव्या घेऊन परत येतात. पिशव्यांत माहितीपत्रकं असतात. आबांच्या बायकोनं, काकींनी, एकदा ती चुलीला लावून पाहिली. "गुळगुळीत कागूद," त्या मला म्हणाल्या, "धड पेटतबी न्हाई आन् धड वाचायलाबी येत न्हाई."

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला चोर नवा नाही. नदीवर मोटर आहे, मोटरीला केबल आहे, केबलीत तांबं आहे, आणि तांबं किलोवर विकलं जातं. रात्रीत केबल तोडायची, उसाच्या फडाआड वरचं प्लॅस्टिक जाळून टाकायचं, सकाळी भंगारात तांबं. आबांची केबल दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला चोरानं स्टार्टरच्या पेटीतली फ्यूजची किटकॅटसुद्धा सोडली नाही. मग ट्रॅक्टरची बॅटरी गेली. एवढं होऊनही आबा शांत होते. चोरी ही त्यांच्या हिशेबात रोगराईसारखी बाब होती, अधूनमधून यायचीच. पण ऐन गाळप हंगामात शेजारच्या गावातल्या एकाची रिकामी ट्रॉली रस्त्याकडेवरून चोरीला गेली, आणि आबा हादरले.

"बॅटरी पिशवीत घालून न्हेता येतीया, मास्तर. एवढं ट्रॉलीचं धूड कुणाला दिसलं न्हाई?"

"नंबर सांगितला का पोलिसांना?"

"ट्रॉलीला कुठला आलाय नंबर! मागं 'आईचा आशीर्वाद' लिवलंय म्हणून सांगितलं. सायेब म्हणालं, रोज शंभर जातात आशीर्वादाच्या."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे गावात जिथं जिथं वायर दिसते, तिथं तिथं माझी साक्ष काढतात. वाहन कुठं आहे ते मोबाईलवर दाखवणाऱ्या जीपीएसच्या डब्याची चौकशी आबांनी काढली आणि दुसऱ्या दिवशीपासून दूध डेअरीच्या कट्ट्यावर आमचा वर्ग सुरू झाला.

आबांची पहिली शंका देशाच्या सुरक्षेची होती. हे यंत्र अमेरिकेचं, म्हणजे आपल्या उसाचं टनेज अमेरिकेला कळणार. मी सांगितलं, उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचावरून नुसती वेळ आणि स्वतःची जागा ओरडत फिरतात. आपला डबा ते ऐकतो आणि मी कुठं आहे ते स्वतःच काढतो. उपग्रहाला तो काही कळवत नाही. ग्रामपंचायतीतल्या काही सदस्यांसारखा फक्त ऐकतो. काढलेला ठिकाणा मग सिमकार्डावरून आपल्या मोबाईलला पाठवतो. शिवाय आता इस्रोचे नाविकचे उपग्रहही आहेत, काही डबे त्यांचंही ऐकतात.

"किती उपग्रह लागत्यात?"

"निदान चार दिसायला हवेत."

"पंचनाम्याला दोन पंच पुरत्यात. हितं चार कशाला? आन् त्यातला एक फुटला तर?"

मी म्हटलं, आकाशात बरेच आहेत, दुसरा घेता येतो. "मग बरं हाय," आबा म्हणाले, "आमच्या खटल्यात तसं नव्हतं."

आबांचा खटला म्हणजे बांधाचा. आबांचं रान आणि त्यांच्या चुलतभावाचं, दादूचं, रान यांच्यामध्ये एक बांध आहे, आणि तो बांध नांगरटीगणिक थोडा थोडा चालतो. कुठल्या दिशेनं चालतो, याबद्दल दोघांची मतं वेगळी आहेत. दोनदा सरकारी मोजणी झाली. दोन्ही वेळा दोघंही जिंकून घरी आले.

मग बाजाराची चौकशी सुरू झाली. सांगली, आष्टा, कऱ्हाड इथल्या दुकानदारांना आबा माहीत होत गेले. एकानं 'सरकारमान्य' म्हणून एआयएस १४० चा डबा दाखवला. ही अट प्रवासी वाहनांसाठी आहे, त्यात संकटात दाबायचं लाल बटणही येतं, शेतातल्या ट्रॅक्टरला त्याची सक्ती नाही, हे मी सांगितलं. पण आबांचा जीव बटणात अडकला. "दाबलं की कोण येतंय?" दुकानदार म्हणाला, नियंत्रण कक्षाला कळतं. "कळतंय ते झालं. येतंय कोण?" दुकानदारानं चहा मागवला.

दुसऱ्या दुकानात डब्यावर आयपी ६७ लिहिलं होतं. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी बिघडणार नाही. आबांनी शांतपणे दुकानातली बादली मागितली. बादली एक मीटर खोल नव्हती, म्हणून अर्ध्या तासाऐवजी तासभर बुडवून ठेवावा असा त्यांनी हिशेब काढला. ते आणि दुकानदार बादलीकडे बघत बसले. डबा चालू राहिला. दुकानदाराचं मात्र त्या तासात दोन गिऱ्हाइकांचं नुकसान झालं. आबांनी माहितीपत्रक घेतलं आणि एसटी पकडली.

ट्रॉलीचं दुखणं निराळं. ट्रॅक्टरला बारा व्होल्टची बॅटरी असते, लाल तार प्लसला, काळी अर्थिंगला, तिसरी चावीच्या स्विचला, की झालं. ट्रॉलीला इंजिन नाही, बॅटरी नाही. तिथं स्वतःची बॅटरी असलेला, लोहचुंबकानं चिकटणारा डबा लागतो. तो मिनिटामिनिटाला ठिकाणा कळवत बसला तर थोड्याच दिवसांत निपचित पडतो. दिवसातून एकदा कळवला तर कित्येक महिने पुरतो. आबांना सेकंदासेकंदाला कळवणारा, तीन वर्षं चार्जिंग न लागणारा आणि रिचार्ज न मागणारा डबा हवा होता. "तसा मिळत नाही," मी म्हटलं. "मिळत न्हाई म्हणजे आजून चौकशी कमी पडतीया," आबा म्हणाले. त्यांना बोअरमधल्या पाणबुडी मोटरीलाही एक बसवायचा होता. तिथं खाली आकाशच दिसत नाही, उपग्रह कुठून दिसणार, हे पटवायला माझी एक संध्याकाळ गेली.

कुणीतरी सांगितलं, असाही डबा येतो की मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं. इथं मात्र मी आबांना फळ्यावर चित्र काढून समजावलं. पेट्रोलच्या गाडीची ठिणगी तोडली की गाडी थांबते. जुना डिझेल ट्रॅक्टर एकदा चालू झाला की त्याला विजेची गरजच नाही. तो थांबतो डिझेल तोडल्यावर, म्हणजे स्टॉपचा दांडा ओढल्यावर. रिले बसवून फार तर सेल्फ बंद पाडता येईल, चोराला तो चालूच करता येणार नाही.

आबा बराच वेळ विचारात होते. "पर माझा सेल्फ दोन वर्सं झाली लागतच न्हाई की. आमी उतारावरनं ढकलून चालू करतो."

हे ऐकून कट्ट्यावर एक म्हातारा म्हणाला, आबाचा ट्रॅक्टर चोरायचा तर चोराला घरची चार माणसं घेऊन यावं लागेल. माझ्या मते त्या ट्रॅक्टरला इतकं संरक्षण पुष्कळ होतं. पण तोवर आबांच्या चौकशीवर विसंबून गावात अकरा डबे बसले होते आणि लोक कट्ट्यावर मोबाईल पुढं करून आपापल्या ट्रॅक्टरचे ठिपके दाखवू लागले होते. कुणाचा ठिपका कारखान्याच्या गाडीतळावर उभा, कुणाचा ढाब्यावर. आबांकडे पंधरा माहितीपत्रकं होती, ठिपका नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वस्तू विकत घेतली.

घेताना एक चूक व्हायचीच होती. ऑनलाइन आलेला स्वस्तातला पहिला डबा फक्त टूजीवर चालणारा निघाला आणि आबांचं जास्तीचं सिम ज्या कंपनीचं, तिची टूजी सेवाच नाही. तो डबा आता नातवाकडे खेळायला आहे. दुसरा फोरजीचा घेतला. आष्ट्याहून कारागीर आला, मीटरच्या मागं आत दडवून त्यानं डबा बसवला आणि जाताना हळूच बजावलं, "कुठं बसवलाय ते कुणाला सांगायचं न्हाई. चोर पयलं त्येच हुडकतोय."

आबांना हे फार आवडलं. गुप्त गोष्ट सांगण्यात जी मजा असते ती उघड गोष्टीत नाही. त्या दिवशी त्यांनी डेअरीच्या सेक्रेटरीला शेडात नेऊन मीटरच्या मागं बोट घालायला लावलं. "कुणाला बोलायचं न्हाई." मग पिठाच्या गिरणीवाल्याला. मग मला. भंगारवाला फेरीला आला तेव्हा त्यालाही दाखवला, "तुझ्याकडं असला डबा कोण इकायला आला तर लगेच सांग" म्हणून. शनिवारपर्यंत गावात डब्याची जागा ठाऊक नसलेली एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे दादू. आणि तेही भावाभावांचं बोलणं नव्हतं म्हणून.

राहिली होती हद्द. मोबाईलच्या नकाशावर बोटानं हद्द आखायची, ट्रॅक्टर तिच्याबाहेर गेला की मोबाईल ओरडतो. मी फक्त गटाभोवती चौकोन काढा म्हणालो. आबांनी चष्मा लावला आणि वीस वर्षांच्या खटल्याचं सगळं कौशल्य त्या बोटात आणलं. नकाशा मोठा करून, श्वास रोखून, त्यांनी जी रेघ ओढली ती बांधाच्या पलीकडून गेली. "आबा, दोन हात तिकडं गेलीय." "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "असाच हुता बांध आमच्या वडलांच्या टायमाला."

तिसऱ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाईल ओरडला.

आबांनी मला फोन केला, पोरांना उठवलं, आणि घाबरलेल्या माणसाला बोलणं-न बोलणं आठवत नाही म्हणून असेल, दादूच्या दारावरही थाप मारली. दादू काठी घेऊन धावला. आम्ही सात जण बॅटऱ्या मारत चिखलातून शेडापाशी पोचलो. ट्रॅक्टर होता तिथंच होता. सीटवर कुत्रं झोपलं होतं. उजेड पडल्यावर त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

मोबाईलवर ठिपका मात्र बांधापलीकडे, दादूच्या हळदीत.

मी समजावून सांगितलं. शेड पत्र्याचं, लाटा पत्र्यावर आपटून वाकड्यातिकड्या येतात, त्यामुळे ठिपका भटकतो, पाच-दहा मीटर तर कुठंही जातो. मोजणीवाल्यांचा रोव्हर बोटभर सुद्धा चुकत नाही, कारण त्याला ठिकठिकाणच्या पक्क्या केंद्रांकडून दुरुस्ती मिळते. हा आपला तीन हजारांचा डबा. माझं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. दादूनं आबांच्या हातातून मोबाईल घेतला होता आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दोन भावांची डोकी एका जागी लागली होती.

"म्हंजे ह्या शेडाखालची जागा माजी हाय म्हणतंय व्हय हे?"

"आरं येड्या, चुकतंय ते!"

"कट्ट्यावर तर मोजणीवाल्यापेक्षा पक्कं हाय म्हणून सांगत हुतास."

आबांनी मोबाईल हिसकावून खिशात घातला. सकाळी त्यांनी कारागिराला बोलावून हद्द पुसायला लावली.

दुपारी शाळा सुटता सुटता दादू फाटकापाशी उभा. त्याला तो ट्रॉलीचा डबा हवा होता, लोहचुंबकाचा, स्वतःच्या बॅटरीचा. मी म्हटलं, दादा, तुमच्याकडं ट्रॉली कुठाय?

"ट्रॉलीला न्हाई. बांधाच्या दगडाला."

"दगडाला लोहचुंबक चिकटत नाही."

"शिमिटात बसीवतो. बॅटरी किती दिस टिकंल, त्येवडं सांगा."

मी म्हटलं, ते दगड किती वेळा हलतो यावर आहे.

दादूनं बोटं मोजली. "तसा वरीसभर गप असतोय," तो म्हणाला. "नांगरटीच्या म्हयन्यात जरा जास्ती चालतोय."