पंच्याण्णव कोटींचं स्थळ

"तुझ्या एजंटानं घर गळ्यात मारताना काय सांगितलं होतं? अरीना पाच मिनिटांवर! आता अरीनाच चाललाय डाउनटाउनला. माग जा त्याच्याकडं कमिशन परत."

शनिवारी सकाळी कुंपणापलीकडून काकांनी हा बॉम्ब टाकला, तेव्हा मी मेथीच्या वाफ्यातलं तण उपटत होते. आमचं कनाटा हे ऑटवाच्या पश्चिमेचं उपनगर. इथं सॉफ्टवेअरच्या आणि टेलिकॉमच्या कंपन्या पुष्कळ, त्यामुळं आपली माणसंही बरीच. कुंपण खांद्याइतकं उंच आणि वरची फळी रुंद, चहाचा कप ठेवण्यापुरती. काका मूळचे कोथरूडचे, निवृत्त, आणि ऑटवा सेनेटर्सचे पक्के भक्त. बर्फावरच्या हॉकीचे हं. जानेवारीत उणे वीसमध्येसुद्धा लाल जर्सी घालून सामन्याला चालत जाणारा हा गृहस्थ.

"काका, जाईल तेव्हा जाईल. डाउनटाउनजवळच्या लेब्रेटनच्या जागेचा तत्त्वतः करार झाला २०२४ च्या सप्टेंबरात. सरकारनं १९६२ मध्ये तिथली वस्ती उठवली आणि मग कित्येक दशकं नुसतं माळरान ठेवलं. टीमचे आधीचे मालक मेल्निकसाहेब, त्यांच्या वेळीही तिथं अरीना होणारच होता. भागीदारांची भांडणं कोर्टात गेली आणि गाडी तिथंच थांबली."

"त्यांचं नाव नको काढूस सकाळी सकाळी," काका म्हणाले. आणि मग अर्धा तास त्यांचंच नाव काढत बसले.

खरं तर यूजीन मेल्निक हा माणूस एका कपात मावणारा नाही. टीम त्यांनी घेतली २००३ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत सेनेटर्सनी दिवाळखोरी जाहीर केली होती, खेळाडूंचे पगारसुद्धा थकले होते. गंमत अशी की त्याच हंगामात हीच टीम साखळीत साऱ्या लीगमध्ये पहिली आली! खिशात दमडी नाही आणि गुणतक्त्यात अव्वल. मेल्निक औषधकंपनीवाले, पैसेवाले. त्यांनी टीम आणि अरीना मिळून सुमारे ९ कोटी २० लाख अमेरिकन डॉलरना उचललं. गावानं तेव्हा त्यांना डोक्यावर घेतलं होतं. २००७ मध्ये टीम स्टॅन्ले कपच्या अंतिम फेरीत गेली, अनाहाइमकडून हरली, तरी रस्त्यावर मिरवणुका.

"आणि यकृताचं सांग ना तिला," काकू डेकवरून म्हणाल्या. त्या कपडे वाळत घालत होत्या. कान मात्र इकडेच.

यकृताची गोष्ट मला ठाऊक होती, तरी मी थांबले. ती काकांच्या तोंडून ऐकण्यात मजा आहे. २०१५ मध्ये मेल्निक यकृताच्या आजारानं अगदी शेवटच्या टोकाला पोचले. टीमनं जाहीर आवाहन केलं. शेकडो लोक पुढं आले आणि त्यातल्या एकानं, नाव गुप्त ठेवून, आपल्या यकृताचा तुकडा दिला. साहेब वाचले.

"यकृत, अगं! तिकीट घेणं, जर्सी घेणं वेगळं. इथल्या लोकांनी मालकाला यकृत दिलं. आणि त्यानंतर अडीच वर्षांत साहेब काय म्हणाले?"

डिसेंबर २०१७. लीगच्या शंभरीनिमित्त लान्सडाउनला उघड्यावर सामना होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी मेल्निक पत्रकारांना म्हणाले, की लोक यायचे थांबले तर टीम हलवण्याचा विचार होऊ शकतो. उत्सवाच्या मांडवात उभं राहून असं बोलायला विशेष प्रतिभा लागते. पुढच्या मार्चमध्ये मालकाला 'चालते व्हा' म्हणणारे जाहिरातफलक शहरात झळकले. लोकांनी वर्गणी काढून लावले होते.

"पण काका, लोक येत नव्हते हेही खरंच ना? वरच्या खुर्च्यांवर कापड अंथरलं होतं, पंधराएकशे जागांवर."

"का नव्हते येत ते विचार! तू कधी मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता पूर्वेकडून क्वीन्सवेनं कनाटाला आलीयेस? पार्लमेंटपासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब शेतात बांधला अरीना. हायवेचा फाटासुद्धा टीमलाच पदरचे पैसे घालून बांधावा लागला. गहुंज्यासारखंच. मॅच तीन तासांची आणि पार्किंगमधून बाहेर पडायला एक तास."

गहुंजे आलं की काका पुण्यावर घसरणार हे ठरलेलं. आणि घसरलेच. "आमच्या पुण्याची आयपीएल टीम बघ. २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरना घेतली सहारानं. तेव्हा तेवढी महाग टीम दुसरी नव्हती. २०१३ मध्ये बंद! गहुंज्याचं स्टेडियम तसंच एक्स्प्रेसवेच्या कडेला उभं. पुणेकरांना कुणी विचारलं का?"

"पुणेकरांना विचारलं असतं तर अजून चर्चाच चालू असती," काकू म्हणाल्या.

असो. मूळ मुद्दा ऑटवाचा. या गावात सीझन तिकिटं विकणं अवघडच आहे. टोरोंटोत बँका आणि मोठ्या वकिली कंपन्या तिकिटांचे गठ्ठे घेतात आणि गिऱ्हाइकांना वाटतात. ऑटवा म्हणजे सरकारी नोकरांचं गाव. इथं कुणी अधिकाऱ्याला फुकट तिकीट दिलं तर दोघांचीही चौकशी लागेल. नदीपलीकडे गातिनो, तिथले फ्रेंचभाषक पिढ्यान्‌पिढ्या मॉन्ट्रियलचे. इकडं ऑन्टारियोतली निम्मी घरं आजोबांपासून टोरोंटो मेपल लीफ्सची. कारण ऑटवाची जुनी टीम १९३४ मध्ये सेंट लुइसला गेली आणि नवी उतरली १९९२ मध्ये. मधली अठ्ठावन्न वर्षं माणसांनी कुणाला टाळ्या वाजवायच्या? २०१९-२० च्या हंगामात सरासरी गर्दी बारा-तेरा हजारांवर आली, साडेअठरा हजारांच्या अरीनात.

आता पुढचं ऐका, कारण मला खरं बोलायचंय ते इथं. मेल्निक २०२२ च्या मार्चमध्ये वारले. टीम आली दोन मुलींकडं, अ‍ॅना आणि ऑलिव्हिया. त्यांनी विक्रीला काढली आणि मग जी स्थळं सांगून आली! हॉलिवूडचा रायन रेनॉल्ड्स, तो लहानपणी इथं व्हॅनिअर भागात राहिलेला, तो सामन्याला आला तर लोक उभं राहून ओरडत होते. रॅपर स्नूप डॉग एका गटाबरोबर. गायक 'द वीकेंड' दुसऱ्या गटाबरोबर. काकू त्या काळात रोज सकाळी विचारायच्या, "आज कोण आलं बघायला?" शेवटी जमलं कुणाशी, तर साध्यासुध्या धंदेवाईक माणसाशी. मायकल अँडलॉअर, मालवाहतुकीच्या धंद्यातले, मॉन्ट्रियलच्या टीममध्ये आधीच थोडी भागीदारी असलेले. टीमची किंमत धरली ९५ कोटी अमेरिकन डॉलर. नव्वद टक्के त्यांनी घेतले, दहा टक्के मुलींनी ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये व्यवहार पुरा झाला. लीगमधल्या टीमसाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती.

म्हणजे वीस वर्षांत दहापट. आणि प्लेऑफमध्ये २०१७ नंतर एकदाही न गेलेली टीम. रिकाम्या खुर्च्या, कापडं, फलक, भांडणं, या सगळ्यासकट दहापट.

"फॅन! फॅनमुळं," काकांनी फळीवर थाप मारली. कप हलला. "आम्ही टिकून राहिलो म्हणून किंमत आली."

"काका, मग अ‍ॅरिझोनाचं काय?"

काका गप्प. मी सोडलं नाही. अ‍ॅरिझोना कायोटीज ही टीम शेवटची दोन वर्षं एका विद्यापीठाच्या रिंकवर खेळत होती. बसायची जागा ४,६००. आपल्याकडं एखाद्या मोठ्या लग्नाला याहून जास्त माणसं असतात. धड स्वतःचं घर नाही, आणि तिच्या खेळाडूंसह सगळा संसार एप्रिल २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला तो १२० कोटी डॉलरना. शंभर मालकाला, वीस लीगला. ऑटवापेक्षा महाग, सात महिन्यांच्या आत!

आणि उलट बाजूला क्वेबेक सिटी. तिथले लोक हॉकीवेडे. त्यांची नॉर्डिक्स टीम १९९५ मध्ये डेन्व्हरला गेली आणि पुढच्याच वर्षी तिथं कप जिंकली. क्वेबेकवाले अजून ते विसरलेले नाहीत. जनतेच्या पैशातून सुमारे ३७ कोटी कॅनडियन डॉलर घालून त्यांनी अठरा हजारांचं झकास स्टेडियम बांधलं, २०१५ मध्ये उघडलं. फॅन आहेत, खुर्च्या आहेत, बर्फ आहे. टीम मात्र नाही.

"मग किंमत येते कुठून?" काकूंनी चिमटे खाली ठेवले. हा प्रश्न त्यांचा होता, आणि उत्तरही शेवटी त्यांनीच दिलं. पण आधी काकांनी दोन गोष्टी कबूल केल्या, त्या सांगते.

एक म्हणजे पगाराची मर्यादा. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालकांनी टाळं लावून बुडवला आणि त्यानंतर कुठल्याही टीमला खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त उधळता येईनासं झालं. मालकाला आधीच कळतं की जास्तीत जास्त किती जाणार. त्याआधी कॅनडातल्या टीमांची फार गोची होती. तिकिटाचे पैसे येणार कॅनडियन डॉलरमध्ये आणि खेळाडूंचा पगार अमेरिकन डॉलरमध्ये. कॅनडियन डॉलर एकदा बासष्ट सेंटांपर्यंत घसरला होता. विनिपेग आणि क्वेबेक गेले ते अशाच दिवसांत. २००० च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कॅनडियन टीमांना मदत जाहीर केली आणि लोक इतके चिडले की तीन दिवसांत मागं घेतली. दवाखान्यांना पैसे नाहीत आणि कोट्यधीश खेळाडूंना देताय? बरोबरच होतं त्यांचं.

दुसरी गोष्ट टीव्ही. रॉजर्स कंपनीनं २०१३ मध्ये कॅनडातले हक्क बारा वर्षांसाठी ५२० कोटी कॅनडियन डॉलरना घेतले. पुढच्या बारा वर्षांसाठी तोच आकडा १,१०० कोटी. हे पैसे सगळ्या टीमांत वाटले जातात, तुमच्या अरीनात माणूस असो वा कापड.

काका थोडे खट्टू झाले. "म्हणजे आमचा काही उपयोगच नाही म्हणतेस?"

"आहे ना. विनिपेग बघा." विनिपेगची टीम १९९६ मध्ये गेली. २०११ मध्ये अटलांटाची टीम १७ कोटी डॉलरना विकत घेऊन तिथं आणली. त्यातले सहा कोटी नुसती हलवण्याची लीगची फी. १३,००० सीझन तिकिटांतली जी सर्वांसाठी खुली होती, ती सतरा मिनिटांत संपली. म्हणून टीम तिथं राहिली. पण हीच संख्या पुढं साडेनऊ हजारांच्या आसपास उतरली, तेव्हा मालक जाहीरपणे म्हणाले की असं फार दिवस चालणार नाही. हॉकीत अजूनही दारावरच्या तिकिटाचा पैसा मोठा आहे. टीमचा रोजचा चहा-नाश्ता, दिवाबत्ती फॅनच्या खिशातून चालते. ती कुठं राहणार हेही बरंचसं त्यावरच ठरतं. पण विकताना जी रक्कम येते ती वेगळ्या खात्यातली.

"बत्तीसच आहेत ना टीमा?" काकू म्हणाल्या. "जगात कोट्यधीश किती झालेत बघा. टीमा बत्तीसच. विकत घेणारा हॉकी घेत नाही, बत्तिसातली एक खुर्ची घेतो. कोथरूडला आपला जुना फ्लॅट होता, गळका, त्याचे काय पैसे आले? छपराचे आले का?"

जागेचे आले. काकांनी मान डोलावली. लेब्रेटनच्या जागेवर एवढा डोळा का, हेही त्यातच आलं. अरीनाभोवती दुकानं, घरं, हॉटेलं येणार आणि तिथवर लोकल ट्रेन आहेच.

माझा निकाल असा, की वीस वर्षं रांगेत उभे राहिलेल्या फॅनला त्या ९५ कोटींतला एक डॉलर मिळाला नाही. यकृत देणाऱ्यालाही नाही. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये टीम आठ वर्षांनी प्लेऑफला पोचली तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या गाडीवर झेंडा होता. टोरोंटोकडून सहा सामन्यांत हरलो, नेहमीप्रमाणं. काका दोन दिवस बागेत आले नाहीत. किंमत ठरवणारे वेगळे आणि रडणारे वेगळे. यात अन्याय आहे असं मला अजूनही वाटतं आणि काकांना वाटत नाही. ते म्हणतात, मी गुंतवणूक केलीच कुठं होती?

राहता राहिला आमच्या घरांच्या किमतीचा प्रश्न. त्यावर काकांचं मत असं, की अरीना गेला तर मंगळवारचा ट्रॅफिक जाईल आणि भाव उलट वाढतील. मग सकाळी तो बॉम्ब का टाकला, हे विचारायच्या आत ते आत गेले.

तुम्ही ऑटवाला येणार असाल तर लेब्रेटनचं काम होईपर्यंत सामने कनाटातच आहेत. गाडी लांब लावा, कोट जाड घ्या आणि टोरोंटोविरुद्धचा सामना टाळा. त्या दिवशी तिकीट महाग असतं आणि शेजारी निळी जर्सी बसते.